समुद्री कासव, मुक्काम सोलापूर : विज्ञान मंडळाच्या प्रकल्प नोंदी

९ डिसेंबर २०२४

विषय पक्का झाला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात नववीचा गट समुद्री कासव मांडणार. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, सोलापुरात समुद्र कुठनं आणणार? माळढोक घ्या की, नान्नज जवळ आहे." माळढोक गेल्या वर्षी झाला. शिवाय गटातली दोघं मार्चमध्ये कोकणातल्या वेळासचा कासव महोत्सव बघून आलीत आणि तेव्हापासून वर्गात दुसरं काही बोलत नाहीत. समुद्राचं नंतर बघू.

मुलांना घरून भित्तिपत्रकांची कच्ची चित्रं आणायला सांगितली होती. आली ती जवळजवळ सगळी प्लॅस्टिकवर. नाकात नळी, पोटात पिशव्या. चित्रं चांगली आहेत, पण कासव मरतं ते प्लॅस्टिकनेच हे मोबाइल बघून बघून डोक्यात बसलंय. प्लॅस्टिकचं एकच भित्तिपत्रक राहील असं जाहीर केलं तेव्हा वर्ग हिरमुसला. हिरमुसू दे.

१४ डिसेंबर

आज नुसती ओळख. समुद्री कासवांच्या जाती सात. भारताच्या समुद्रात पाच : ऑलिव्ह रिडले, ग्रीन, हॉक्सबिल, लॉगरहेड आणि लेदरबॅक. उरलेल्यांपैकी केम्प्स रिडले मुख्यतः मेक्सिकोच्या आखातातलं, फ्लॅटबॅक ऑस्ट्रेलियाकडचं. कोकणात अंडी घालायला येतात त्या बहुतेक ऑलिव्ह रिडलेच्या माद्या. पाठ ६० ते ७० सेंमी, वजन ३५ ते ४५ किलो.

मुलांच्या डोळ्यांपुढे देवळातलं दगडी कासव असतं, मान आत घेतलेलं. समुद्री कासवाला मान किंवा पाय आत घेता येत नाहीत. पाठ चपटी, पुढचे पाय वल्ह्यांसारखे. पोहण्याच्या सोयीसाठी लपायची सोय गेली. ओंकारने लगेच विचारलं, मग शार्क आला तर? मोठ्या कासवाला शार्क आणि माणूस सोडला तर फारसं कोणी हात लावत नाही, हे त्याला पटलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला डोळ्यांतल्या पाण्यावर. अंडी घालताना मादी रडते, असं वेळासला कुणीतरी मुलांना सांगितलेलं. डोळ्यांजवळ क्षारग्रंथी असतात. समुद्राचं पाणी आणि खाणं यांतून अंगात गेलेलं जादा मीठ त्यांतून बाहेर पडतं. पाण्यात असतानाही ते चालूच असतं, आपल्याला दिसतं फक्त वाळूवर. मुस्कान म्हणाली, "पण मॅडम, रडते म्हटलं की छान वाटतं." वाटतं खरं. फलकावर मात्र ग्रंथीच लिहायची.

आणि एक गोष्ट, जी मुलांना नीट समजावी असं मला फार वाटतं. कासवाचं प्राणवायूचं यंत्र आपल्यासारखंच, फुप्फुसाचं. ते विश्रांती घेत असेल तर पाण्याखाली काही तास काढतं. घाबरून धडपडत असेल तर तोच प्राणवायू फार लवकर संपतो. पुढे जाळ्याचा विषय येईल तेव्हा हे लागणार आहे.

२१ डिसेंबर

वाळूचा खड्डा करायचा आहे. अंडी ज्या खोलीवर असतात तिथलं तापमान रोज मोजायचं, म्हणून. कारण समुद्री कासवात नर की मादी हे गुणसूत्रांवर ठरत नाही. अंडी उबण्याच्या काळाचे तीन भाग केले तर मधल्या भागात वाळू किती गरम होती यावर ते ठरतं. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही जवळपास सारखे. थंड वाळूत नर वाढतात, गरम वाळूत माद्या. सोलापूरच्या मुलांना उन्हाबद्दल कोणी शिकवायला नको. "मग आपल्याकडे सगळ्या मुलीच," हे वाक्य मी यायची वाटच बघत होते.

बिल्डिंग मटेरियलवाल्याकडे गेले. म्हणाला, "क्रश पाहिजे का नदीची?" क्रश म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. नदीची म्हटल्यावर हसला. नदीच्या वाळूचा ब्रासचा भाव सांगितला आणि पुढे म्हणाला, "एवढ्याला कोण घेतंय आता, सगळे क्रशवरच चालवतात." मला हवी होती चार-पाच घमेली. तेवढी त्याने जुन्या ढिगातून दिली, पैसे घेतले नाहीत. ही वाळू भीमेची की सीनेची, त्यालाही सांगता आलं नाही.

३० डिसेंबर

खड्डा तयार. खोली ४५ सेंमी, ऑलिव्ह रिडलेचं घरटं साधारण एवढंच खोल असतं. त्यात टेबल टेनिसचे ११० चेंडू. खऱ्या अंड्याचा व्यास याच मापाचा, ४ सेंमीच्या आसपास, आणि एका वेळी शंभर ते सव्वाशे अंडी. फरक एवढाच की खरं अंडं मऊ, चिवट सालीचं असतं. मादी ते हातभर खोल खड्ड्यात सोडते तरी फुटत नाही. शेजारी दोन डिजिटल थर्मामीटर, प्रत्येकाचा वायरीचा एक प्रोब (तापमान मोजणारं टोक) वर, दुसरा तळाशी. खड्ड्याच्या अर्ध्या भागावर हिरवं शेडनेट, अर्धा उघडा, दोन्हीकडे एक एक थर्मामीटर. रीडिंग घ्यायचं काम शिपाईमामांनी आपणहून मागून घेतलं. शाळेत सकाळी पहिले तेच असतात.

३ जानेवारी २०२५

पाठीचं काम. श्रीनिवासचे वडील यंत्रमागावर, आई टॉवेल शिवते. त्यांच्या घरून चादरीचे कटपीस आले. काळी-करडी, थोडी हिरवट छटा निवडली, ऑलिव्ह रिडलेच्या पाठीला जवळची. तारेचा सांगाडा, त्यावर पुठ्ठा, वर कापडाचे खवले शिवायचे.

श्रीनिवासच्या आईने फार सफाईने शिवून पाठवलं. डावीकडे सहा खवले, उजवीकडे सहा. आम्ही चित्र दिलं होतं त्यात डावीकडे सहा नि उजवीकडे सात होते. त्यांना वाटलं पोरांनी मोजताना घोळ घातला, म्हणून त्यांनी तो सुधारला! ऑलिव्ह रिडलेची हीच तर ओळख : पाठीच्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना खवल्यांच्या सहा किंवा जास्त जोड्या, आणि पुष्कळदा दोन बाजूंचा हिशेब जुळत नाही. ग्रीन आणि हॉक्सबिलला चारच जोड्या, लॉगरहेडला साधारण पाच. लेदरबॅकला खवलेच नाहीत, जाड कातडी आणि पाठीवर लांब सात कंगोरे. संध्याकाळी त्या स्वतः शाळेत आल्या. "देवानंच वाकडं केलंय म्हणता? मग ठीक आहे," म्हणत तिथेच बसून सातवा खवला बसवला.

१५ जानेवारी

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, चालू, गटातलं कोणी जागेवर नाही. मीही जाऊन आले. एका फळीवर कासवाच्या अंगठ्यांचा ढीग, पितळी, चांदीचं पाणी दिलेल्या. धातूच्या आहेत तोवर हरकत नाही. हॉक्सबिलच्या खवल्यांचे कंगवे, चष्म्याच्या काड्या, दागिने करण्यासाठी जगभर त्या जातीची एवढी शिकार झाली की आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी लागली. प्रवाळाजवळ राहून स्पंज खाणारं कासव ते. पाठ सुंदर आहे एवढ्यावरून संपत आलं. मुस्कानला यावर एक फलक करायला सांगणार आहे, अंगठीचं चित्र काढून.

२२ जानेवारी

वर्तमानपत्रात चेन्नईची बातमी. किनाऱ्यावर मेलेली ऑलिव्ह रिडले शेकड्यांनी लागतायत. संशय ट्रॉलरच्या जाळ्यांवर. मुलांना बातमी वाचून दाखवली आणि प्लॅस्टिकचा फलक बाजूला ठेवून जाळ्याचा फलक मधोमध लावायला सांगितलं. या वेळी कोणी हिरमुसलं नाही.

ट्रॉलर जाळं समुद्रतळाजवळून ओढत नेतो, कोळंबीसाठी. वाटेत जे येईल ते आत. कासव आत गेलं की त्याला श्वास घ्यायला वर येता येत नाही. जाळं तासापेक्षा जास्त वेळ पाण्यात राहिलं तर मरणाऱ्या कासवांचं प्रमाण झपाट्याने वाढतं. गंमत म्हणजे यात कोणाला कासव नकोच असतं. ओडिशात म्हणून १ नोव्हेंबर ते ३१ मे असे सात महिने देवी, धामरा आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांजवळ २० किमीपर्यंत यांत्रिक मासेमारीला मनाई असते. गहिरमाथा तर १९९७ पासून सागरी अभयारण्य आहे. तरीही दरवर्षी तिथे हजारोंनी मेलेली कासवं लागतात.

प्लॅस्टिक खोटं आहे असं नाही, हेही मुलांना सांगितलं. लेदरबॅक जेलीफिशवर जगतं. त्याच्या घशात आतल्या दिशेने वळलेले काटे असतात, गिळलेली निसरडी जेलीफिश परत बाहेर येऊ नये म्हणून. पिशवी आत गेली की तीही परत येत नाही. २०२० मध्ये पाळीव लॉगरहेडवर केलेला प्रयोग तर फारच बोलका आहे : समुद्रात राहून शेवाळलेल्या प्लॅस्टिकच्या वासाला कासवांनी खाण्याच्या वासासारखाच प्रतिसाद दिला. म्हणजे फसवणूक नुसती डोळ्यांची नाही, नाकाचीही. आणि समुद्रात टाकून दिलेली जाळी हेही प्लॅस्टिकच. पावसाळ्यात कोकणात अशा जाळ्यांत गुरफटलेली, पाय गेलेली कासवं किनाऱ्याला लागतात. मग मुस्कानने विचारलं, "प्लॅस्टिक आणि जाळं एकाच फलकावर घेऊ?" घ्या.

१ फेब्रुवारी

आजचा दिवस सगळ्यात मजेचा. कासवाला जाळ्यातून सुटायची वाट ठेवणारं जे उपकरण असतं, टेड म्हणतात त्याला, ते करून बघितलं.

खरं टेड म्हणजे जाळ्याच्या नळीत तिरपी बसवलेली सळ्यांची चौकट आणि तिच्या टोकाशी जाळ्याला पाडलेली खिडकी, वर झडप. कोळंबी सळ्यांमधून मागच्या थैलीत जाते. कासव सळ्यांवर आपटून तिरकं सरकत खिडकीतून बाहेर. अमेरिकेच्या नियमात दोन सळ्यांतलं अंतर जास्तीत जास्त ४ इंच आणि चौकटीचा प्रवाहाशी कोन ३० ते ५५ अंश. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतासाठी स्वतंत्र टेड तयार केलेलं आहे.

आम्ही ग्रिलवाल्याकडून दोन फुटी चौकट करून घेतली. क्रिकेटच्या सरावाची जुनी जाळी नळीसारखी शिवून कडुलिंबाला उभी टांगली, तोंड वर. पाण्याच्या जागी गुरुत्वाकर्षण. कोळंबी म्हणून बोरं, ती सध्या ढिगाने आहेत. कासव म्हणून स्कूटरचं टायर. शिडीवरून दोन्ही सोडायची.

चौकट जवळजवळ आडवी ठेवली तेव्हा टायर तिच्यावर बसून राहिलं आणि बोरं त्याच्यावर साठली. कोन ४५ केला तसं टायर घसरत झडप ढकलून थेट शिडी धरणाऱ्या ओंकारच्या पायाशी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग श्रीनिवासने जमिनीवरची बोरं उचलून दाखवली. टायरबरोबर मूठभर बोरंही खिडकीतून गेली होती. "मॅडम, ही कोळीलोकांची गेली ना?" हाच तर भांडणाचा मुद्दा. मच्छीमार टेड लावायला तयार होत नाहीत ते याच मुठीसाठी. कोन, झडप, सळ्या नीट असतील तर तोटा थोडाच राहतो, पण डिझेलचा हिशेब रोज करणाऱ्याला थोडा तोटाही दिसतो. हे भांडण जागतिक व्यापार संघटनेतही गेलं होतं. टेड न वापरता पकडलेली कोळंबी अमेरिका घेईना, म्हणून भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड एकत्र तक्रारीला गेले. १९९८ मध्ये अंतिम निकाल आला.

महाराष्ट्राने निराळी वाट काढली आहे आणि मला ती आवडते. जाळ्यात संरक्षित प्राणी सापडला आणि जाळं कापून सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. २०१८ च्या अखेरीपासून ही योजना आहे. फोटो काढून पाठवायचा. कोळ्याला नुसता उपदेश करण्यापेक्षा हे बरं.

खाली पडलेली बोरं मुलांनी खाल्ली.

१० फेब्रुवारी

नकाशाचा फलक. मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे द्यायचं ठरलं होतं. ओंकारने सोलापूरपासून कोकणापर्यंत बाण काढून आणला, "सोलापूरचा कचरा अरबी समुद्रात". बाणाला वाटेत सह्याद्री चढावा लागत होता. सगळे हसले, तोही.

आपलं पाणी पूर्वेला जातं. सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. भीमा गाणगापूरवरून, ते अर्ध्या वर्गाने पाहिलेलं, पुढे रायचूरजवळ कृष्णेत. कृष्णा जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा बंधारा असं करत हंसलादीवीपाशी बंगालच्या उपसागरात. श्रीशैलम म्हटल्यावर मुलांचे कान टवकारले. सिद्धरामेश्वर आणि श्रीशैलचा मल्लिकार्जुन यांचं नातं सोलापुरात लहान पोरालाही माहीत असतं. श्रीनिवासने तेलुगू गावांची नावं मला नीट म्हणायला शिकवली. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. म्हणजे सोलापूरचा समुद्र सापडला.

आता बाणावर काय लिहायचं? मुलं म्हणाली प्लॅस्टिक. थोडंफार जात असेल, पुरात धरणांचे दरवाजे उघडतात तेव्हा. पण मी त्यांना खड्ड्यातली वाळू दाखवली. किनारा वाळूचा असतो आणि ती बरीचशी नदीने आणलेली असते. उजनीपासून विजयवाड्यापर्यंत जागोजागी नदी अडवली की वाळू आणि गाळ धरणांच्या तळाशी बसतो. कृष्णेतून समुद्रात जाणारा गाळ गेल्या अर्धशतकात प्रचंड घटला आणि तिथला किनारा काही ठिकाणी मागे सरकतोय. कासवाच्या मादीला भरतीच्या रेषेच्या वर कोरडी, खोल, मोकळी वाळू लागते. पट्टा अरुंद झाला की घरट्यात पाणी शिरतं आणि अंडी आतल्या आत मरतात.

वर्गात कुणीतरी वाळूच्या ट्रकांचा विषय काढला. त्यावर सावध राहायला सांगितलं. आपल्या तालुक्यातून उपसलेली वाळू, न उपसती तर, थेट कासवापर्यंत गेली असती असं म्हणता येणार नाही. मधे एवढी धरणं आहेत. आणि धरण नको असं उजनीच्या पाण्यावर वाढलेल्या सोलापूरकराने कुठल्या तोंडाने म्हणावं? फलकावर दोन बाण काढले. प्लॅस्टिकचा तुटक. वाळूचा जाड, पण प्रत्येक धरणापाशी बारीक होत जाणारा, विजयवाड्यानंतर पेन्सिलच्या रेघेएवढा. मला वाटतं प्रदर्शनात नवीन काही असेल तर हेच. बाकी सगळं पुस्तकात मिळतं.

१८ फेब्रुवारी

अंधाराच्या खोलीचा प्रयोग बसवला. पिल्लं रात्री वाळूतून वर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची. हॉटेलांचे दिवे लागले की रस्त्याची. पुठ्ठ्याची पिल्लं, दोन टॉर्च. फार वेळ घालवला नाही.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन झालं. सकाळी मुलींनी मैदानावर लेदरबॅकची पूर्ण मापाची रांगोळी काढली. १९८८ मध्ये वेल्सच्या किनाऱ्याला लागलेला नर, जवळजवळ तीन मीटर लांब, ९१६ किलो. लोक रांगोळीच्या कडेने चालत मोजत होते. विज्ञानाचं काम फळा-खडूपेक्षा रांगोळीने जास्त केलं हे मान्य.

कडुलिंबाखाली टायरला रांग. ओंकारने दिवसभर शिडी सोडली नाही. निवृत्त गिरणी कामगार आजोबांनी टेड नीट बघून विचारलं, झडपेला स्प्रिंग का नाही लावली? लावली तर कासवाच्या धक्क्याने उघडेल का, हे श्रीनिवासला मोजून बघायचंय.

एका आजींनी घरट्यापाशी विचारलं, "आई पिल्लांना बघायला परत येत न्हाई?" नाही. मादी वाळू लोटून, त्यावर अंग आपटून जागा सपाट करते आणि जाते. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं आपली आपण निघतात, पोटातल्या उरलेल्या बलकावर पहिला पल्ला पोहतात. हजारातलं एखादंच मोठं होतं. मोठं होऊन अंडी घालायला रिडलेला दहा-पंधरा वर्षं लागतात, ग्रीन कासवाला वीस-तीस किंवा जास्त. म्हणूनच एक मोठी मादी जाळ्यात मेली तर ते नुकसान घरट्याच्या हिशेबाने भरून निघत नाही. आजी म्हणाल्या, "शंभर घालून एक ऱ्हात न्हाई, तरी घालती बाई." पुढे त्या बोरांच्या प्रयोगाकडे गेल्या.

वेळासच्या फलकाला गर्दी कमी होती, मला वाईट वाटलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे काम उभं केलं. पूर्वी अंडी काढून विकणारं गाव आता कुंपणात घरटी सांभाळतं आणि पर्यटकांना घरी जेवू घालतं. यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पुढच्या वेळी तो फलक टायरशेजारी लावायचा.

६ मार्च

शिपाईमामांची वही. जानेवारीत वरचा प्रोब दिवसाला वीसेक अंशांनी वर-खाली, तळाचा एक अंशही हलत नव्हता. दिवसाची ऊब एवढ्या खोल पोचेपर्यंत विरून जाते. तळाला बदल होतो तो ऋतूप्रमाणे, आठवड्या-आठवड्याने. या आठवड्यात उघड्या भागाच्या तळाने २९ ओलांडले. शेडनेटखालचा भाग अजून त्याच्या खाली. म्हणजे एकाच खड्ड्यात इकडे मुली, तिकडे मुलगे. एवढ्याशा जाळीने! खऱ्या घरट्यात वाढत्या भ्रूणांची ऊबही मिळते, त्यामुळे शेवटी शेवटी आकडा आणखी चढतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तरेकडच्या गरम किनाऱ्यांवर जन्मलेल्या ग्रीन कासवांच्या पोरवयातल्या पिढीत ९९ टक्के माद्या निघाल्या, हा २०१८ चा अभ्यास वर्गात सांगितला तेव्हा आता आकडे हवेतले राहिले नव्हते.

ओडिशातून चांगली बातमी : ऋषिकुल्येला यंदा जवळजवळ सात लाख माद्या आल्या. चेन्नईचं मरण आणि ओडिशाची ही गर्दी, दोन्ही एकाच हंगामात. मुलांना विचारलं की मग कासवं वाढली की घटली? एकाही वर्षाच्या आकड्यावरून सांगता येत नाही, हे त्यांनी स्वतः काढलं. मादी दरवर्षी येतेच असं नाही.

१२ एप्रिल

परीक्षा संपली, तरी दोघं-तिघं आली, बातमी घेऊन. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली मादी यंदा २७ जानेवारीला गुहागरला अंडी घालताना सापडली. वर्तमानपत्रात साडेतीन हजार किमीच्या प्रवासाचा अंदाज दिलाय. उलट दिशेचं उदाहरण आधीचं आहे : २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती.

म्हणजे ओंकारचा कोकणाकडचा बाण अगदीच वाया गेला नाही. नकाशा कपाटावरून काढला, हंसलादीवीपासून दक्षिणेला वळून गुहागरपर्यंत हिरव्या शाईने रेघ ओढली आणि त्या रेघेवर "कासव" लिहिलं. नदीचे बाण काळे, कासवाचं हिरवं.

उघड्या भागाचा तळ आज ३३ ला पोचला. एवढ्या तापमानात अंडी फार काळ राहिली तर मादी-नराचा प्रश्न उरत नाही, ती मरू लागतात. कोकणातल्या कुंपणात म्हणून उन्हाळ्यात सावली धरावी लागते. उरलेल्या अर्ध्या भागावर रोज संध्याकाळी एक झारी पाणी घालून किती अंश उतरतात ते बघायचं आहे. मामा सुटीत गावी जाणार, त्यामुळे मे महिन्याची रीडिंग श्रीनिवास घेईल. त्याचं घर शाळेला लागून आहे. किल्ली त्याच्याकडे दिली. स्प्रिंगचा प्रयोग जूनमध्ये, तोवर नवी बोरं मिळणार नाहीत, चिंचोके चालतील.